क्रियाविशेषणावरचा खटला

इंग्रजी व्याकरणात क्रियाविशेषण म्हणून जे शब्द एकत्र बसवले जातात, त्यांचे आपसांत फारसे जमत नाही. ‘क्विकली’ क्रिया कशी झाली ते सांगतो. ‘व्हेरी’ क्रियापदाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही; त्याला विशेषण तरी हवे किंवा दुसरे क्रियाविशेषण तरी. ‘हिअर’ जागा दाखवतो, ‘सून’ वेळ. ‘नॉट’ सगळे विधानच उलटे करतो. ‘अनफॉर्च्युनेटली’ला क्रियेशी काही देणेघेणे नसते, त्यात बोलणाऱ्याची खंत असते. ‘हाउएव्हर’ तर मागच्या वाक्याशी वाद घालायला आलेला असतो. शालेय पुस्तकात या सातही शब्दांना एकच व्याख्या पुरते: क्रियापद, विशेषण किंवा दुसरे क्रियाविशेषण यांविषयी अधिक माहिती देणारा शब्द. ज्याची व्याख्या करायची तोच शब्द व्याख्येत आला आहे, याने कोणाची पंचाईत होत नाही, कारण व्याख्या पाठ करायला सोपी आहे.

या मिश्र जमावावर गेली पंचवीस वर्षे सरसकट आरोपपत्र दाखल झालेले आहे. भयकथांचा बादशहा स्टीफन किंग याने ‘ऑन रायटिंग’ या 2000 सालच्या पुस्तकात क्रियाविशेषणांचा संबंध थेट नरकाच्या वाटेशी जोडला. पुढच्याच वर्षी कादंबरीकार एल्मोर लेनर्डने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या लेखात संवादातल्या ‘सेड’ला क्रियाविशेषण जोडायचेच नाही असा नियम घालून दिला. 2013 पासून ‘हेमिंग्वे’ नावाचे एक ॲप लेखकाच्या मजकुरातली क्रियाविशेषणे निळ्या रंगात रंगवून दाखवते, म्हणजे ती कापणे सोपे जाते. इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या कार्यशाळांत आता हे स्वयंसिद्ध सत्य म्हणून सांगितले जाते: क्रियाविशेषण ही दुबळ्या क्रियापदाची कुबडी आहे, ‘वॉक्ड स्लोली’ काढा, ‘स्ट्रोल्ड’ घाला. लेनर्डच्या दहांपैकी चार नियम ‘नेव्हर’ या शब्दाने सुरू होतात. ‘नेव्हर’ हे क्रियाविशेषण आहे.

आरोपात तथ्य किती हे नंतर पाहता येईल. आधी आरोपी कोण ते ठरले पाहिजे, आणि अडचण तिथेच आहे.

शब्दांच्या जाती आठ, ही गणती ग्रीकांची. अलेक्झांड्रियाच्या परंपरेतला डायोनिशियस थ्रॅक्स इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेला. त्याच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणात नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी असे आठ गट आहेत. लॅटिनमध्ये ‘द’सारखे उपपद नव्हते. रोमन वैयाकरणांनी ते काढले. पण आठ हा आकडा मोडू नये म्हणून ग्रीकांनी क्रियाविशेषणात टाकलेली केवलप्रयोगी अव्यये बाहेर काढून वेगळी जात केली. प्रिस्कियनने सहाव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये हेच आठ पक्के केले आणि युरोपच्या शाळांत ते हजार वर्षे चालले. इंग्रजीत आल्यावर धातुसाधिते क्रियापदात गेली आणि विशेषणे नामांतून बाहेर आली. लिंडली मरे या अमेरिकन क्वेकर वकिलाने यॉर्कजवळ राहून 1795 साली जे व्याकरण छापले त्यात उपपद धरून नऊ जाती आहेत. भारतीय शाळांत आजही चालणाऱ्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकात पुन्हा आठ, कारण तिथे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ विशेषणांत घातले आहेत. यातला पी. सी. रेन म्हणजे ‘ब्यू जेस्ट’ ही परदेशी पलटणीची साहसकथा लिहिणारा कादंबरीकार. मुलांना व्याकरण शिकवताना त्याची कल्पनाशक्ती आवरलेली दिसते. एवंच, दोन हजार वर्षांत सभासद बदलत राहिले आणि आकडा टिकला. भारतीय परंपरेत यास्काने नाम, आख्यात, उपसर्ग, निपात असे चारच मानले. पाणिनीला पदाचे दोनच प्रकार पुरले. आणि भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त हे दोन, चार की पाच हा वाद नोंदवून स्वतः वाक्यच अखंड ठरवले. त्याच्या मते वाक्यातून पदे वेगळी काढणे ही वैयाकरणाची सोय आहे.

क्रियाविशेषणाबद्दलचा संशयही ग्रीकांइतकाच जुना आहे. स्टोइक तत्त्वज्ञ या जातीला सगळे काही सामावून घेणारी म्हणत, असे लॅटिन वैयाकरण कॅरिसियस सांगतो. दुसऱ्या कोणत्याही जातीत न बसणारा शब्द इथे यायचा. घरातल्या अडगळीच्या खोलीला जसे स्वतःचे सामान नसते, तशी ही जात. या संशयाचे रूपांतर हल्ल्यात केले ते जॉन हॉर्न टूक याने, आणि हा माणूस मुद्दाम थांबून पाहावा असा आहे.

टूक (1736–1812) लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधल्या कोंबड्या विकणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा. वडील काय करतात असे विचारले की टर्कीशी व्यापार करतात, असे तो सांगत असे म्हणतात. आधी तो धर्मगुरू झाला, मग राजकारणात शिरला. अमेरिकेत लेक्झिंग्टनला इंग्रज सैनिकांच्या गोळ्यांनी मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी त्याने वर्गणी जाहीर केली, आणि त्या जाहिरातीत ‘खून’ हा शब्द वापरल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. खटल्यातला काथ्याकूट काही अंशी व्याकरणाचा होता. आपण दोन शब्दयोगी अव्ययांचे आणि एका उभयान्वयी अव्ययाचे बळी आहोत अशी तक्रार त्याने केली आणि तुरुंगातूनच 1778 साली वकील जॉन डनिंगला उद्देशून ती पत्ररूपाने छापली. त्या पत्रातून वाढलेला ग्रंथ म्हणजे ‘डायव्हर्जन्स ऑफ पर्ली’. पहिला भाग 1786 साली निघाला, दुसरा 1805 साली. मधल्या काळात, 1794 मध्ये, त्याच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन तो निर्दोष सुटला. इंग्लंडमध्ये एवढ्या तुरुंगांशी आणि न्यायालयांशी संबंध आलेला दुसरा वैयाकरण झाला नसावा.

टूकचे म्हणणे थोडक्यात असे. भाषेला खरी गरज नाम आणि क्रियापद या दोनच जातींची आहे. बाकीचे सगळे शब्द म्हणजे घाईने बोलताना झिजलेली नामे आणि क्रियापदे. माणसाला भराभर बोलायचे असते, म्हणून पूर्ण शब्दांच्या जागी त्यांचे संक्षेप येतात. वैयाकरण त्या संक्षेपांनाच स्वतंत्र जात समजून बसतात. क्रियाविशेषणाबद्दल तर त्याची भाषा शेलकी आहे. ही जात म्हणजे अनोळखी आणि बिघडलेल्या शब्दांची मोरी, असा त्याचा निकाल. मग तो एकेका शब्दाची झडती घेतो. ‘अशोर’ म्हणजे ‘ऑन शोर’. ‘अबोर्ड’ म्हणजे ‘ऑन बोर्ड’. ‘ली’ हा शेपटीचा तुकडा म्हणजे ‘लाइक’, सारखा. इथपर्यंत तो बरोबर आहे, आणि त्या काळी हे दाखवून देणे सोपे नव्हते. पण यश डोक्यात गेले. ‘इफ’ म्हणजे ‘गिव्ह’चे आज्ञार्थी रूप, म्हणजे ‘जर’ म्हणताना माणूस मुळात ‘दे’ म्हणत असतो, हे त्याचे आवडते उदाहरण साफ चूक आहे. जुन्या इंग्रजीतल्या या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘ट्रुथ’ म्हणजे ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवतो ते, म्हणून प्रत्येकाचे सत्य वेगळे, इथपर्यंत तो व्युत्पत्तीच्या जोरावर जाऊन पोचला. राजकीय वक्त्याला हे शोभते.

तरीही पुढची तीस-चाळीस वर्षे इंग्लंडमध्ये टूकचा दबदबा होता. जेम्स मिलने मनाच्या विश्लेषणावरच्या ग्रंथात त्याचा आधार घेतला. ‘हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया’ लिहून संस्कृतीची इयत्ता ठरवणारा तोच हा मिल. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने 1828 च्या कोशातल्या व्युत्पत्तींत टूकची री ओढली. विनोद असा की ‘डायव्हर्जन्स’चा पहिला भाग छापला गेला त्याच वर्षी, 1786 च्या फेब्रुवारीत, विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून आल्या असाव्यात, असे भाषण केले होते. त्या भाषणातून वाढलेल्या तौलनिक भाषाशास्त्राने, रास्क, बॉप आणि ग्रिम यांच्या हातून, टूकच्या बहुतेक व्युत्पत्तींचा निकाल लावला.

व्युत्पत्ती चुकल्या म्हणून टूक हरला, असे सांगण्याची रीत आहे. ती अर्धवट आहे. त्याच्या सगळ्या व्युत्पत्ती खऱ्या ठरल्या असत्या तरी सिद्धान्त टिकला नसता. ‘ली’ एके काळी ‘सारखा’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता, यावरून ‘स्लोली’ आज वाक्यात काय काम करतो हे कळत नाही. शब्द कुठून आला आणि तो काय करतो हे दोन प्रश्न आहेत. टूकने पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले. आजचे क्रियाविशेषणविरोधी त्याच्याहून एक पाऊल मागे आहेत: ते शब्द कुठून आला हेही विचारत नाहीत, त्याच्या शेवटी काय दिसते एवढेच पाहतात.

शब्द काय करतो, या प्रश्नाचेही दोन भाग पाडावे लागतात, आणि शालेय व्याकरणाची खरी चूक ते न पाडण्यात आहे. एक भाग म्हणजे शब्दाची जात: तो कोणती रूपे घेतो, त्याच्या आधी-नंतर काय चालते. दुसरा भाग म्हणजे विशिष्ट वाक्यात त्याने केलेले काम. ‘आय मेट हर यस्टर्डे’ या वाक्यात ‘यस्टर्डे’ क्रियेचा काळ सांगतो, म्हणून पुस्तके त्याला क्रियाविशेषण म्हणतात. पण ‘यस्टर्डे वॉज हॉट’ म्हणता येते, ‘यस्टर्डेज पेपर’ म्हणता येते. ही नामाची लक्षणे आहेत. मग एकाच शब्दाला वाक्यागणिक जात बदलायला लावायची, की तो नाम आहे आणि काही वाक्यांत काळ सांगण्याचे काम करतो असे म्हणायचे? दुसरा मार्ग सरळ आहे. ‘ऑन मंडे’ हे दोन शब्द तेच काम करतात आणि त्यांना कोणी क्रियाविशेषण म्हणत नाही.

याचा अर्थ शब्दाची जात कधी बदलतच नाही असा नव्हे. ‘राउंड’ हा इंग्रजीतला बहुरूपी आहे: ‘अ राउंड टेबल’मध्ये विशेषण, ‘द फर्स्ट राउंड’मध्ये नाम, जहाज ‘राउंड्स द केप’ तेव्हा क्रियापद, ‘राउंड द कॉर्नर’मध्ये शब्दयोगी. इथे रूपेही बदलतात: नाम झाले की अनेकवचन होते, क्रियापद झाले की काळ लागतो. म्हणून वेगळ्या जाती मानण्याला पुरावा आहे. नुसत्या अर्थावरून मानलेल्या जातींना तो नसतो. ‘माय’, ‘धिस’, ‘द’ हे नामाबद्दल काहीतरी सांगतात म्हणून रेन आणि मार्टिन त्यांना विशेषण म्हणतात. पण ‘व्हेरी बिग’ होते तसे ‘व्हेरी माय’ होत नाही, आणि ‘द बिग बुक’ चालते तसे ‘द माय बुक’ चालत नाही. ते निराळ्या जातीचे आहेत, आणि आधुनिक व्याकरणांनी त्यांना निर्धारक म्हणून वेगळे बसवले आहे. चार्ल्स फ्राइज तर जुन्या नावांना इतका विटला होता, की टेलिफोनवरची ध्वनिमुद्रित संभाषणे तपासून 1952 मध्ये काढलेल्या पुस्तकात त्याने चार मुख्य वर्गांना नुसते आकडे दिले आणि उरलेल्या पंधरा गटांना अक्षरे. ते पुस्तक वाचताना वाचकाला सतत मागची पाने उलटावी लागतात. जुनी नावे परत आली ती त्यामुळेच.

अडगळीची खोली खरी उपसली ती ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने. ‘फिलॉसफी ऑफ ग्रामर’ (1924) या ग्रंथात त्याने ‘बिफोर’ हा शब्द घेतला. तो एकटा आला की पुस्तके त्याला क्रियाविशेषण म्हणतात. पुढे नाम आले, ‘बिफोर द वॉर’, की शब्दयोगी. पुढे वाक्य आले, ‘बिफोर ही डाइड’, की उभयान्वयी. अर्थ तिन्ही ठिकाणी एकच. येस्पर्सनचा प्रश्न असा: ‘बिलीव्ह’ हे क्रियापदही कधी एकटे येते, कधी नामासह, कधी पुढे वाक्य घेऊन, त्याच्या तीन जाती कोणी करत नाही. मग ‘बिफोर’च्या का? सकर्मक आणि अकर्मक क्रियापद ही एकच जात असते, तसेच इथेही मानावे. यावर येस्पर्सनने क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या चारही जातींना एकत्र कोंबले. हे मात्र पहिल्यापेक्षा मोठे गाठोडे झाले.

रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या ‘केंब्रिज ग्रामर’ने (2002) येस्पर्सनचा युक्तिवाद घेतला आणि गाठोडे नाकारले. त्यांच्या मते ‘हिअर’, ‘होम’, ‘अपस्टेअर्स’, एकटा ‘बिफोर’ हे सगळे शब्दयोगीच आहेत. फक्त पुढे नामाची गरज नसलेले. याला दोन कसोट्या आहेत आणि दोन्ही कोणालाही लावून पाहता येतात. ‘शी इज अपस्टेअर्स’ म्हणता येते, ‘शी इज इन द किचन’सारखेच, ‘शी इज क्विकली’ म्हणता येत नाही. ‘राइट अपस्टेअर्स’ होते, ‘राइट इन द मिडल’ होते. ‘राइट क्विकली’ प्रमाण इंग्रजीत होत नाही. शब्दयोगी म्हणजे नामाला चिकटणारा, एवढीच कल्पना असलेल्या वाचकाला हे पचायला जड जाते. पण कसोट्या अर्थाच्या अंदाजावर चालत नाहीत, आणि त्यांचे उत्तर दर वेळी एकच येते.

खोली इतकी रिकामी झाल्यावर क्रियाविशेषण ही जातच रद्द करावी, हा मोह साहजिक आहे. काही भाषाशास्त्रज्ञांनी तसे सुचवलेही: ‘क्विक’ आणि ‘क्विकली’ ही एकाच शब्दाची दोन रूपे, नामाजवळ पहिले, इतरत्र दुसरे. तसे असेल तर टूक चुकीच्या कारणांनी का होईना, बरोबर ठरतो, आणि क्रियाविशेषणांची कत्तल करू पाहणाऱ्यांनाही थोडे बळ मिळते. वर केलेला सगळा उपसा याच दिशेने जात होता. पण उपसून झाल्यावर जे उरते ते नीट पाहिले की दिशा बदलावी लागते.

उरतात मुख्यतः ‘ली’वाले शब्द, आणि ते विशेषणांची नुसती रूपे नाहीत. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’, ‘लेट’ आणि ‘लेटली’, ‘शॉर्ट’ आणि ‘शॉर्टली’ यांत अर्थाचे नाते तुटलेले आहे. ‘ही वर्क्स हार्ड’ आणि ‘ही हार्डली वर्क्स’ यांवरून नोकरी राहते किंवा जाते. विभक्तिप्रत्यय असे वागत नाहीत. ‘बिग’ला ‘बिगली’ सहसा होत नाही, ‘फास्ट’ला ‘फास्टली’ होत नाही. आणि ‘सून’, ‘व्हेरी’, ‘ऑल्मोस्ट’, ‘क्वाइट’ यांना तर विशेषणाची जोडीच नाही. उलट ‘फ्रेंडली’ आणि ‘कॉवर्डली’ नामापासून बनलेली विशेषणे आहेत. पेन, हडलस्टन आणि पुलम यांनी 2010 मध्ये दाखवून दिले की इंग्रजीत क्रियाविशेषण नामाच्या मागूनही येऊ शकते, त्यामुळे ‘नामाजवळ एक, इतरत्र दुसरे’ हा कारभारच चालत नाही. म्हणजे जात खरी आहे. ती पुस्तकात होती त्याच्या अर्ध्याहून लहान आहे, एवढेच.

‘ली’चा इतिहासही इथे उपयोगी पडतो, टूकला हवा होता त्या कारणासाठी नव्हे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता ‘ए’ लावून क्रियाविशेषण होई: ‘हेअर्ड’चे ‘हेअर्डे’. दुसरीकडे ‘लीच’ या प्रत्ययाची विशेषणे होती आणि तोच ‘ए’ लागून ‘लीचे’ होई. त्याची झीज म्हणजे आजची ‘ली’. मध्ययुगाच्या उत्तरार्धात शब्दांती असलेला ‘ए’ बोलण्यातून गळाला आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘स्लो’ ही क्रियाविशेषणे विशेषणांसारखी दिसू लागली. तेव्हा ‘ड्राइव्ह स्लो’ या पाटीत आधुनिक आळस शोधणारे कित्येक शतके चुकतात. हा आळस ठरवला अठराव्या शतकाने. बिशप रॉबर्ट लाउथ याने 1762 च्या व्याकरणात अशा बिनशेपटीच्या रूपांना अशुद्ध म्हटले आणि त्यासाठी ड्रायडन आणि स्विफ्ट यांनाही सोडले नाही. मरेने लाउथकडून घेतले, शाळांनी मरेकडून. 1997 मध्ये ॲपलने ‘थिंक डिफरंट’ ही जाहिरात केली तेव्हा ‘डिफरंटली’ हवे म्हणून ओरडणारे लाउथचेच विद्यार्थी होते. इंग्रजांना आधी ‘ली’ नाही म्हणून छड्या बसल्या, आता ‘ली’ आहे म्हणून बसतात.

‘होपफुली’वरचा दंगा याच घराण्यातला. 1960 च्या दशकापासून वाक्याच्या तोंडी ‘होपफुली’ घालणाऱ्याला अमेरिकेतले भाषारक्षक अडाणी समजत. कारण असे, की आशा करणारा कर्ता वाक्यात हवा. ‘होपफुली, इट विल रेन’मध्ये पाऊस आशा करत नाही. हेच लोक ‘फ्रँकली’, ‘सॅडली’ आणि ‘फॉर्च्युनेटली’ वाक्यारंभी बिनदिक्कत वापरत. असोसिएटेड प्रेसने 2012 मध्ये आपल्या शैलीपुस्तकात ही हरकत मागे घेतली.

क्रियाविशेषण सजावट आहे की नाही, याचा निवाडा कायद्याच्या भाषेत सगळ्यांत स्वच्छ होतो. मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये मसुदा केलेली आणि 1860 मध्ये मंजूर झालेली भारतीय दंड संहिता क्रियाविशेषणांची व्याख्या करून पुढे सरकत असे. कलम 24 ‘डिसऑनेस्टली’ म्हणजे काय ते सांगत असे: एकाचा गैरलाभ किंवा दुसऱ्याची गैरहानी व्हावी या हेतूने केलेले कृत्य. कलम 25 ‘फ्रॉड्युलंटली’चे, कलम 39 ‘व्हॉलंटरिली’चे. चोरीच्या कलम 378 मधून ‘डिसऑनेस्टली’ काढून टाकले असते तर दुसऱ्याची छत्री चुकून घेऊन जाणारा आणि चोर यांत भेद करणे कठीण झाले असते. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही हे शब्द दुसऱ्या कलमात व्याख्येसह ठेवले आहेत. ‘दुबळे क्रियापद बदला, क्रियाविशेषण काढा’ हा सल्ला मसुदाकाराने मानला असता, तर गुन्हेगारांच्या वकिलांनी त्याचे पुतळे उभारले असते.

2009 या एकाच वर्षात अमेरिकेत दोन क्रियाविशेषणे सर्वोच्च न्यायालयाच्या वाटेला आली. 20 जानेवारीला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स बराक ओबामांना शपथ देत होते. घटनेतल्या मजकुरात ‘फेथफुली’ हा शब्द ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या मध्ये आहे. रॉबर्ट्सनी तो उचलून पार शेवटी नेला, ओबामा अडखळले, आणि शंका नको म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा झाली. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकरने लगेच लिहिले की हा विसराळूपणा नसून संस्कार आहे: सहायक आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये काही घालू नये, हा विधी महाविद्यालयांत मुरलेला अंधविश्वास रॉबर्ट्सच्या तोंडून बोलला. निदान सिद्ध करता येणार नाही. पटते मात्र लगेच. हा अंधविश्वास ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण नको या नियमाचा पुतण्या आहे, आणि त्या नियमाची भलामण डीन ऑलफर्डने 1864 मध्ये केली होती. चॉसरच्या काळापासूनचे इंग्रजी गद्य त्या नियमावाचून अडलेले नव्हते.

दुसरा शब्द ‘नोइंगली’. ओळखपत्रांच्या गैरवापराच्या कायद्यात, दुसऱ्या व्यक्तीचे ओळखसाधन जो जाणूनबुजून वापरतो त्याला दोन वर्षांची वाढीव शिक्षा आहे. फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यातल्या आरोपीने खोटी कार्डे वापरली होती. त्यांवरचे क्रमांक खरोखरच कोणा माणसाचे आहेत हे त्याला ठाऊक होते की नाही, हा प्रश्न होता. सरकारचे म्हणणे, ‘नोइंगली’ची सत्ता क्रियापदापुरती, ‘दुसऱ्या व्यक्तीचे’ इथपर्यंत ती पोचत नाही. मे महिन्यात न्यायालयाने एकमताने सरकारला हरवले. न्यायमूर्ती ब्रायर यांनी साध्या बोलण्यातली उदाहरणे घेऊन दाखवले की सकर्मक क्रियापदाआधी असे क्रियाविशेषण आले की ऐकणारा ते कर्मासकट सगळ्याला लावतो. म्हणजे एका माणसाची दोन वर्षे क्रियाविशेषणाच्या कक्षेवर अवलंबून होती. हॉर्न टूकला हा निकाल आवडला असता.

आता किंगच्या आरोपपत्राकडे. त्याचा मूळ रोख संवादानंतर येणाऱ्या ‘ही सेड अँग्रिली’ यासारख्या जोडांवर आहे, आणि तेवढ्यापुरता तो योग्य आहे: संवाद नीट लिहिला असेल तर राग तिथेच ऐकू येतो. आपल्याही हातून हे पाप घडते असे तो मोकळेपणाने सांगतो. अनुयायांना हा मर्यादित सल्ला पुरला नाही. त्यांनी त्याचा धर्म केला आणि मोजदाद सुरू केली. बेन ब्लॅटने 2017 मधल्या पुस्तकात नामवंत लेखकांची क्रियाविशेषणे मोजली. हेमिंग्वेच्या दर दहा हजार शब्दांत ती सुमारे 80 भरली आणि काटकसरी लेखकांत त्याची गणना झाली. या आकड्यात आहेत फक्त ‘ली’वाली. ‘व्हेरी’, ‘देन’, ‘नाउ’, ‘नेव्हर’, ‘स्टिल’ यांची नोंदच नाही, आणि हेमिंग्वेचे गद्य पुष्कळदा याच शब्दांवर चालते.

मराठी वाचकाला या सगळ्याशी संबंध दोन ठिकाणी येतो. एक, शाळेतल्या मराठी व्याकरणाच्या आठ जाती इंग्रजी वळणाने आलेल्या आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 चे, म्हणजे मरेच्या व्याकरणाचा अंमल जोरात असतानाचे. पुढे मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या वर्गीकरणाची कसून चिकित्सा केली, आणि अरविंद मंगरूळकरांनी 1964 मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला. शालेय पुस्तके मात्र आठावरच थांबली. संस्कृतात क्रियाविशेषण हे कामाचे नाव होते: ‘शीघ्रं गच्छति’ यातला ‘शीघ्रं’ रूपाने द्वितीयेतला नपुंसकलिंगी शब्द आणि कामाने क्रियेचे विशेषण. अव्यय हे जातीचे नाव होते. मराठीने दोन्ही जोडून ‘क्रियाविशेषण अव्यय’ केले आणि काम व जात यांची गल्लत पक्की झाली. कारण मराठीत क्रियेची रीत सांगणारे शब्द खुशाल बदलतात: तो कसा गातो, ती कशी गाते, तो चांगला पोहतो, ती चांगली पोहते. यांना अव्यय म्हणणे कठीण. मराठी विद्यार्थी ‘ही स्विम्स गुड’ लिहितो ते याच सवयीने. त्याच्या भाषेत तिथे विशेषणाचेच रूप येते. ‘वेल’ लिही असे लाल शाईने सांगण्याआधी हे त्याला सांगायला हरकत नसते.

दुसरे ठिकाण म्हणजे क्रम. मराठीत क्रियापद शेवटी असल्याने क्रियाविशेषणाला त्याच्याआधी मोकळे रान असते. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषण सहसा शिरू शकत नाही, म्हणून ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ चुकते. ‘ओन्ली’ची गंमत आणखी वेगळी. इंग्रजीत तो क्रियापदाच्या आधी बसतो आणि रोख कशावर आहे ते आवाजाने सांगावे लागते. छापील वाक्यात आवाज नसतो, म्हणून ‘ओन्ली’ची जागा हा दोनशे वर्षांचा वाद झाला. मराठीतला ‘च’ हव्या त्या शब्दाला जाऊन चिकटतो: मीच काल त्याला पाहिले, मी कालच त्याला पाहिले, मी काल त्यालाच पाहिले. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याने ‘ओन्ली’ त्या त्या शब्दाला खेटून ठेवला तर कडक इंग्रज संपादकही खूश होतो. त्याने मुंबईच्या बोलण्यासारखा तो शब्दानंतर ठेवला, ‘यस्टर्डे ओन्ली आय सॉ हिम’, की हसू होते. तो वाक्यात ‘च’च ठेवत असतो.

शब्दाचे व्याकरण चालवताना एका रकान्याऐवजी दोन रकाने केले की यांतली बरीच भांडणे मिटतात. ‘शी विल कम होम अर्ली टुमॉरो’ हे वाक्य घ्यावे. ‘होम’: जात शब्दयोगी, काम येण्याचे ठिकाण सांगणे. ‘टुमॉरो’: जात नामाची, काम काळ सांगणे. ‘अर्ली’: जात आणि काम दोन्ही क्रियाविशेषणाचे, आणि त्याची ‘ली’ही जुन्या ‘लीचे’चीच, ‘ॲन अर्ली ट्रेन’मध्ये मात्र हाच शब्द विशेषण आहे. जुन्या पद्धतीने या तिन्ही शब्दांपुढे एकच नोंद होत असे.